जनरेटरचा धूर, गच्चीवरचं सोलर आणि रविवारची मीटिंग

स्नेहा ए-१०१: सेक्रेटरीसाहेब, काल संध्याकाळी ६ ते ९ जनरेटर चालू होता. त्याचा पाइप माझ्या बेडरूमच्या खिडकीपासून हातभर लांब आहे. पाळण्याच्या मच्छरदाणीवर काजळी बसलीय, फोटो टाकलाय. तिसऱ्यांदा लिहितेय. या वेळी तरी कोणी उत्तर देणार का?

पाटील सेक्रेटरी: ताई, दखल घेतली आहे. पण लाइटच नव्हती. लिफ्ट आणि पंप बंद ठेवले तर वरचे लोक मला फोन करतात. ३६ लिटर डिझेल गेलं काल.

निखिल ए-६०३: ३६ लिटर म्हणजे ९६-९७ किलो कार्बन डायऑक्साइड, तीन तासांत. आणि गेल्या एजीएमला सोलरचा ठराव कोणी पाडला ते सगळ्यांना माहीत आहे.

शिंदे बी-७०२: आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग. मग सोलर.

गोखले काका बी-१०२: *फॉरवर्ड* सावधान!! एक सोलर पॅनेल बनवायला जेवढा कोळसा जळतो तेवढी वीज ते पॅनेल जन्मभर देत नाही. पर्यावरणाच्या नावाखाली फसवणूक. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा 🙏

देशपांडे काका ए-५०२: गोखले, राग मानू नका, पण हे साफ खोटं आहे. माझी ३४ वर्षं वीजनिर्मितीत गेली, आधी चंद्रपूरला कोळशाच्या केंद्रात, मग कोयनेच्या पोफळीत. पॅनेलचं सिलिकॉन वितळवायला प्रचंड उष्णता लागते आणि ते काम बरंचसं चीनमध्ये कोळशाच्या विजेवर होतं, इतपत खरं. पण आपल्याकडच्या उन्हात ती सगळी ऊर्जा एक-दोन वर्षांत फिटते आणि पॅनेल २५ वर्षं चालतं. आयपीसीसी म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती, तिच्या २०१४ च्या अहवालात खाणीपासून भंगारापर्यंतचा हिशोब आहे. एका युनिट विजेमागे हवेत जाणारे तापवणारे वायू, कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात: कोळसा ८२० ग्रॅम, गॅस ४९०, गच्चीवरचं सोलर ४१, जलविद्युत २४, अणुवीज १२, पवनचक्की ११. हे मधले आकडे आहेत, जागेनुसार कमीजास्त होतात. पण ८२० आणि ४१ यांत वीसपट फरक आहे. तो कुठल्याही फॉरवर्डने भरून निघत नाही.

गोखले काका बी-१०२: मी फक्त फॉरवर्ड केलं. आणि मागे तुम्हीच म्हणाला होतात की एका युनिटला ६५०-७०० ग्रॅम कोळसा लागतो. मग ७०० ग्रॅम कोळशातून ८२० ग्रॅम वायू कसा निघेल? वाण्याकडेसुद्धा असं माप मिळत नाही.

संदीप बी-३०२: 😂😂 काका, तो वाणी कुठला, पत्ता द्या

जोशी मॅडम बी-२०१: भाऊजी, नववीच्या मुलांना हेच शिकवायचे मी. कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन घेतो. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन चिकटतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. वाढलेलं वजन हवेतून येतं.

देशपांडे काका ए-५०२: अगदी बरोबर. आपल्या कोळशात राखच ३०-४० टक्के, म्हणून तो जाळावाही जास्त लागतो. जुन्या संचांच्या नुसत्या चिमणीतूनच ९०० ग्रॅमच्या वर जातं. चंद्रपूरची क्षमता २९२० मेगावॅट आहे. माझ्या आयुष्याची भाकरी त्यावर झाली, त्या वीजकेंद्राला मी नावं ठेवणार नाही. पण तिथे शिफ्ट केलेला माणूस गच्चीवरच्या उन्हाला नको कसं म्हणेल?

शिंदे बी-७०२: आधी वॉटरप्रूफिंग. फोटो पुन्हा टाकतो. हॉलच्या छताला बुरशी आली आहे.

संदीप बी-३०२: काका, आपलं कोयना एवढं मोठं आहे, २४ ग्रॅमचं. सगळं तिथूनच घ्या की. पाणी काय फुकटच पडतं.

कदम ए-३०४: फुकट? माझ्या आजोबांचं गाव कोयना धरणाच्या शिवसागराच्या तळाशी आहे. आजीनं निघताना घरातलं दगडी जातं तेवढं बैलगाडीत घातलं. तेच आमच्या गॅलरीत आहे. तुमच्या ताईच्या हळदीला तेच नेलं होतंत, संदीप. कोयना हवी, मी विरोधात नाही. पण फुकट म्हणू नका.

संदीप बी-३०२: सॉरी दादा. खरंच माहीत नव्हतं.

देशपांडे काका ए-५०२: कदम म्हणतात ते ग्रॅममध्ये मोजता येत नाही. शिवाय जलविद्युत सगळीकडे २४ ग्रॅमवर बसत नाही. उष्ण प्रदेशात जंगल न तोडता धरण भरलं तर पाण्याखाली झाडं कुजतात आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. गॅसच्या विजेतही पाइप कुठे गळला की तोच मिथेन हवेत जातो.

राणे बी-६०१: मग १२ ग्रॅमवाली अणुवीज आमच्या राजापूरच्या माथी मारायची, असंच ना? जैतापूरला सहा अणुभट्ट्या बांधायचा घाट, सुमारे दहा हजार मेगावॅटचा. तिथल्या माडबन गावची माणसं किती वर्षं लढली ते पुण्यात बसून कळत नाही.

निखिल ए-६०३: पण तारापूर १९६९ पासून चालू आहे ना? रात्री सोलर शून्य. तेव्हा कोळसा नको असेल तर काहीतरी लागेलच.

राणे बी-६०१: तू तारापूरला राहतोस का? फुकुशिमाचा अणुअपघात २०११ मध्ये झाला, १९११ मध्ये नाही.

पाटील सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक बोलू नये. ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

स्नेहा ए-१०१: सोसायटीचं काम मी सकाळीच लिहिलंय. पाळण्याचा फोटो अजून वरच आहे.

शिंदे बी-७०२: माझाही. वॉटरप्रूफिंग.

निखिल ए-६०३: सॉरी स्नेहाताई. मुद्द्यावर येतो. गच्चीवर २० किलोवॅट बसतं. साधारण २००० चौरस फूट जागा, वर्षाला २६-२७ हजार युनिट. देशभरातल्या सगळ्या विजेची सरासरी धरली तर एका युनिटला सुमारे ७०० ग्रॅम. म्हणजे वर्षाला १८-१९ टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक विजेसाठी किलोवॅटला १८,००० अनुदान आहे, म्हणजे ३ लाख ६० हजार.

जोशी मॅडम बी-२०१: आणि आमचे पापड, कुरडया कुठे घालायच्या? दर एप्रिलला हेच भांडण नको.

निखिल ए-६०३: मॅडम, स्ट्रक्चर उंच घेऊ, खालून माणूस आरामात फिरेल. दक्षिणेची पट्टी कुरडयांसाठी मोकळी सोडू.

देशपांडे काका ए-५०२: दक्षिणेचीच सोडलीस तर पॅनेल कुठे ठेवशील, उत्तरेच्या टाकीच्या सावलीत? कुरडयांना पश्चिमेची दे.

स्नेहा ए-१०१: सोलर बसवल्यावर जनरेटर बंद होईल ना? एवढंच सांगा.

निखिल ए-६०३: खरं सांगतो ताई, नाही. साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेल्या सोलरमध्ये लाइट गेली की तेही बंद पडतं. नाहीतर आपली वीज उलटी लाइनवर जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. लिफ्टला बॅटरी आणि बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागेल, त्याचा खर्च वेगळा.

स्नेहा ए-१०१: म्हणजे सकाळपासून ही सगळी चर्चा माझ्या खिडकीबद्दल नव्हतीच.

देशपांडे काका ए-५०२: स्नेहा, बाळ, चुकलं आमचं. मी सकाळपासून आकडे सांगत बसलो आणि खाली उतरून पाइप बघितला नाही. आत्ता बघून आलो. एक लिटर डिझेलमधून जेमतेम ३ युनिट निघतात, म्हणजे युनिटमागे ९०० ग्रॅमच्या आसपास. कोळशाचंच केंद्र आपण पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली चालवतोय. धुराच्या पाइपच्या उंचीचं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र मीटरमध्ये असं आहे: इमारतीची उंची, अधिक जनरेटरच्या केव्हीएच्या, म्हणजे क्षमतेच्या, वर्गमुळाच्या ०.२ पट. आपला जनरेटर ६२.५ केव्हीएचा. म्हणजे धूर गच्चीच्याही दीड मीटर वर सुटायला हवा. आपला पाइप १२ फुटांवर संपतो.

पाटील सेक्रेटरी: बिल्डरने तसाच दिला होता.

कदम ए-३०४: साहेब, ताबा घेऊन ९ वर्षं झाली.

गोखले काका बी-१०२: पाइपला माझा पाठिंबा. मी १०२ मध्ये आहे, वास मलाही येतो. सोलरचं मात्र देशपांड्यांनी मला कागदावर समजावून सांगावं.

देशपांडे काका ए-५०२: संध्याकाळी चहाला या. कागद-पेन काढून ठेवतो.

पाटील सेक्रेटरी: ठीक आहे. फॅब्रिकेटरला उद्या सकाळी बोलावतो. पाइप गच्चीपर्यंत न्यायचा, खर्च दुरुस्ती निधीतून. तोपर्यंत जनरेटरवर फक्त एक लिफ्ट आणि पंप. सोलरसाठी रविवारी १० वाजता गच्चीवर मीटिंग. हरकत असेल त्यांनी आत्ताच लिहावे.

राणे बी-६०१: सोलरला हरकत नाही. जैतापूरला आहे.

शिंदे बी-७०२: स्ट्रक्चरचे पाय स्लॅबवर ठोकायच्या आधी वॉटरप्रूफिंग. नंतर पॅनेल काढून ते करता येणार नाही. म्हणून पुन्हा पुन्हा लिहितोय.

निखिल ए-६०३: शिंदेकाका, हे बरोबर आहे. माझ्या कोटेशनमध्ये ते धरलंच नव्हतं.

पाटील सेक्रेटरी: अजेंड्यात पहिला विषय घेतो.

स्नेहा ए-१०१: पहिला पाइप. दुसरा वॉटरप्रूफिंग.

शिंदे बी-७०२: चालेल.