अलेक्झांड्रोव्ह: थोर संगीतकार की स्टालिनचा भाट?

खर्जसूर: लाल सेनेच्या, म्हणजे सोव्हिएत सैन्याच्या, गायकवृंदाचा संस्थापक अलेक्झांडर अलेक्झांड्रोव्ह (१८८३–१९४६) याला 'प्रचारकी' म्हणून निकालात काढणं मला मुळीच पटत नाही. २२ जून १९४१ ला जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला. दोनच दिवसांनी कवी लेबेदेव-कुमाचची 'पवित्र युद्ध' ही कविता पेपरात आली आणि अलेक्झांड्रोव्हने तिला तडकाफडकी चाल लावली. छापायला सवड नव्हती. फळ्यावर लिहिलेले सूर गायकांनी वहीत उतरवून घेतले आणि मॉस्कोच्या बेलोरूस्की स्टेशनवर, आघाडीवर निघालेल्या सैनिकांसमोर ते गाणं म्हटलं. नीट ऐका, लय तीन मात्रांची आहे! कवायतीची पावलं दोनात पडतात. पावलं टाकायला हे गाणं केलेलंच नाही, म्हणून तर ते अंगावर येतं. वरून आलेल्या हुकमाने असं काही सुचत नाही.

मुळा_काठचा: सुचतं की! १९३८ मध्ये याच माणसाने बोल्शेविक पक्षाचं गीत केलं. १९४४ मध्ये तीच चाल सोव्हिएत राष्ट्रगीत झाली, शब्दांत स्टालिनच्या नावासकट. आधी हा मॉस्कोच्या 'तारणहार ख्रिस्त' कॅथेड्रलमध्ये वृंद चालवायचा. १९३१ मध्ये सरकारने ते सुरुंग लावून पाडलं, तेव्हा हा सेनेच्या पदरी होता. १९३७ मध्ये देशात धरपकड आणि गोळ्या घालणं चालू असताना याचा वृंद पॅरिसच्या प्रदर्शनात सर्वोच्च पारितोषिक मिळवत होता. बाहेरच्या जगाला दाखवायला सरकारला असाच सुरेल चेहरा हवा होता.

रेवती_ना: कॅथेड्रलचा मुद्दा मी उलटा वाचते. पुरुषांचे खोल खर्ज, शंभर गळ्यांतून एकच शब्द स्पष्ट उमटणं, हे सगळं तिथलंच. ते त्याने सैनिकांच्या गळ्यात उतरवलं, तेही १९२८ मध्ये अवघ्या १२ जणांपासून सुरुवात करून. आणि अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, तोही नुसता प्रचार म्हणायचा का?

मुळा_काठचा: अण्णाभाऊंच्या मागे सरकार उभं नव्हतं, रेवतीताई. हा फरक लहान नाही. २००० मध्ये पुतिनने ती राष्ट्रगीताची चाल नव्या शब्दांसह परत आणली, तेव्हा आधीचा अध्यक्ष येल्त्सिननेही उघड नाराजी दाखवली. २०१६ मध्ये वृंदाचे ६४ जण सोचीजवळ विमान अपघातात गेले, फार वाईट झालं. पण निघाले होते कुठे? सीरियातल्या रशियन तळावर गायला.

खर्जसूर: गेलेल्या गायकांना यात ओढू नका, सैनिकांसमोर गाणं हेच त्यांचं काम होतं. पक्षगीताबद्दल तुमचं मान्य. पण त्या जूनमधल्या गाण्याला मी त्याच तागडीत घालणार नाही.