ट्रॅपखाली 300 मीटरवर सल्फाइड: टीईएम लावायचं की आयपी?

घाटकोपर_खडक
ब्लॉक पूर्व विदर्भात, 4 बाय 3 किमी. वर काळी माती, खाली 250 ते 300 मीटर ट्रॅप (दख्खनचा बसाल्ट) आणि त्याखाली नाइस-शिस्ट, म्हणजे जुना पायाचा खडक. त्यात तांब्याच्या सल्फाइडचं भिंग असावं असा अंदाज आहे. पैसे एका मुख्य पद्धतीचे आणि दोन बोअरचे. ऑफिसात आयपीचा आग्रह आहे (जमिनीत वीज सोडून खडकात साठणारा प्रभार मोजायचा): 100 मीटरचा डायपोल म्हणजे इलेक्ट्रोडची जोडी, आणि दोन जोड्यांमधलं अंतर त्याच्या n पट, n 6 पर्यंत. माझा कल टीईएमकडे (तारेच्या लूपमधला प्रवाह एकदम तोडून खालच्या वाहकात उठलेल्या प्रवाहाचा क्षय मोजायचा). भाड्याचं यंत्र न्हावा शेवाला उतरेल. विदर्भात धाडण्याआधी दोन दिवस आरेत चाचणी घ्यावी का?

ओहम_पनवेल
आयपीचा हिशेब आधी कागदावर करा. डायपोल-डायपोलमध्ये n=6 ला मध्य खोली (संकेत साधारण जिथून येतो ती) सुमारे 1.73a, a म्हणजे डायपोलची लांबी; तुमच्याकडे 173 मीटर. ट्रॅपच्या पोटातच संपलात. a 250 केला तर 430 मीटर मिळतात, पण 5 अँपिअर सोडून 100 ओहम-मीटरच्या खडकात हाती येतं जेमतेम 1.9 मिलिव्होल्ट. आयपी म्हणजे त्यातले हजारात पाच-दहा भाग. मायक्रोव्होल्ट झाले हे, टेल्युरिक गोंगाट, म्हणजे जमिनीतल्या नैसर्गिक प्रवाहांचा, त्याहून सहज मोठा. वर लांब तारांचं कपलिंग (एका तारेतून दुसरीत उतरणारा संकेत) आहेच, ते आयपीसारखंच दिसतं.

तेव्हा टीईएमच. 400 बाय 400 मीटरचा लूप टाका. तारेचा हिशेब मात्र लोक विसरतात: 1600 मीटर, 4 चौ. मिमी तांबं म्हणजे 6.9 ओहम आणि नुसतं तांबंच 57 किलो. 48 व्होल्टच्या बॅटरीवर 7 अँपिअरच्या वर जाणार नाही. 20 अँपिअर हवेत तर 140 व्होल्ट देणारा जनरेटरवाला ट्रान्समीटर मागवा. तार रात्री शेतात सोडू नका, तांब्याचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो.

दुसरं, बेस फ्रिक्वेन्सी, म्हणजे ट्रान्समीटरच्या उलटसुलट पल्सचं चक्र सेकंदाला किती वेळा फिरतं ते. अमेरिकेहून आलेलं यंत्र बहुतेक वेळा 30 हर्ट्झवर लावलेलं असतं, कारण तिकडे लाइट 60 हर्ट्झची. आपल्याकडे 50. बेस 25 किंवा 2.5 ठेवा, म्हणजे 50 हा त्याचा सम पट येतो आणि उलटसुलट पल्सच्या बेरजेत कटतो. 30 वर ठेवलंत तर लाइनचा गोंगाट सगळ्या उशिराच्या चॅनलांत (प्रवाह तोडल्यावर उशिरा घेतलेल्या मोजण्यांत) शिरतो. 2.5 च घ्या: 25 ला ऑफ-टाइम (प्रवाह बंद असतानाचा मोजणीचा वेळ) फक्त 10 मिलिसेकंद, चांगल्या वाहकाचा क्षय तेवढ्यात संपत नाही.

आणि आरेत नको. तिथे तार नीट आहे का, ट्रान्समीटर चालू होतो का एवढंच तपासा. आकडे बघून यंत्र बरं की वाईट ठरवायला जाल तर चांगलं यंत्र परत पाठवाल. मुंबईची चुंबकीय नोंद 1904 साली कुलाब्याहून अलिबागला न्यावी लागली ती विजेच्या ट्राम येणार म्हणून. आता तर लोकल, मेट्रो, 25 केव्हीच्या ओव्हरहेड तारा. मेगाब्लॉकच्या रविवारीही शांतता मिळणार नाही.

गुरुत्व_डोंबिवली
ग्रॅव्हिटी (जागोजागी गुरुत्वातला फरक मोजणं) जोडीला घ्या, पण तिच्या भरवशावर बोअर मारू नका. 100 मीटर त्रिज्येचा गोल, घनता खडकापेक्षा 1 ग्रॅम/घन सेमीने जास्त, केंद्र 500 मीटरवर: वरती 0.11 मिलिगॅल (गुरुत्वातल्या फरकाचं एकक). यंत्राला ते दिसतं. पण घनता ट्रॅपची 2.9 आणि नाइसची 2.67, म्हणजे ट्रॅपचा तळ कुठे 100 मीटर खाली-वर झाला तर जवळपास 1 मिलिगॅलचा फरक. भिंग त्या पडद्याआड गेलं. किल्लारीच्या बोअरला ट्रॅप 338 मीटर लागला, कोयनेच्या केबीएच-1 ला 932. तुमचे ‘250 ते 300’ कशावरून, ते आधी तपासा. आसपासच्या खोल बोअरच्या नोंदी नसतील तर दोन-तीन ठिकाणी एमटी (मॅग्नेटोटेल्युरिक, नैसर्गिक प्रवाहांवरून खोलवरचा रोध मोजणं) घेऊन तळ बांधा.

घेणारच असाल तर उंची डीजीपीएसने 5 सेंमीच्या आत. 10 सेंमी चुकलात की 0.02 मिलिगॅल गेले. दर दोन तासांनी बेसवर, म्हणजे ठरलेल्या एकाच जागी, परत येऊन मोजा. मॅग्नेटिक विसरा: ट्रॅपच्या स्वतःच्या, बऱ्याच ठिकाणी उलट्या चुंबकत्वाने शेकडो नॅनोटेस्ला नाचतात.

घाटकोपर_खडक
ठीक, टीईएम. पण वाहक दिसला की सल्फाइडच, असं कसं धरायचं?

ओहम_पनवेल
नाहीच धरायचं. ग्राफाइट शिस्टही तसंच दिसतं, आणि ट्रॅपखाली गोंडवानाचा (कोळसावाल्या जुन्या थरांचा) कार्बनी शेल किंवा खारं पाणी असेल तर तेही. शेल आडवं, सपाट, ब्लॉकभर पसरलेलं येतं. भिंग उभं-तिरकं आणि छोटं. म्हणून लूप दोन जागी टाका, एकदा अपेक्षित भिंगाच्या एका बाजूला, एकदा दुसऱ्या. कल कुठे आहे ते कळतं. ग्राफाइट आणि सल्फाइड मात्र टीईएमवरून वेगळे होत नाहीत. तिथे ग्रॅव्हिटी कामी येते: ग्राफाइट हलकं, त्याच्यावर गुरुत्वाचा उठाव नाही.

शेतीपंप_निरीक्षक
एक राहिलं. विदर्भात शेतीपंपाची थ्री-फेज लाइट आठवड्याप्रमाणे दिवसा-रात्री फिरते. वेळापत्रक गावातल्या वायरमनकडून घ्या आणि लाइट नसेल त्या वेळात मोजा. कुंपणाची काटेरी तार लूपच्या आत असेल तर तिथला एक जोड सोडून घ्या, नाहीतर तीच वाहक म्हणून नकाशावर येईल.

आणि बोअर मारलं की आत पीव्हीसी पाइप टाकून ठेवा, लोखंडी केसिंग नको. पहिलं बोअर चुकणार हे धरूनच चला. पीव्हीसी असेल तर त्याच भोकात प्रोब उतरवून बोअर-टीईएम करता येतं, आणि भिंग शंभरेक मीटर बाजूला असलं तरी कुठल्या दिशेला आहे ते सांगतं. दुसरं बोअर त्यानंतर.