मदत हवी आहे : अतिशय लांबच्या दीर्घिकेच्या मागे काय आहे?

नमस्कार मंडळी,

जेम्स वेब दुर्बिणीला सापडलेल्या जेड्स-जीएस-झेड१४-० या दीर्घिकेबद्दल वाचतोय. महास्फोटानंतर जेमतेम ३० कोटी वर्षांनी निघालेला तिचा प्रकाश आज आपल्याकडे पोचतोय, इथवर समजलं. तिच्या मागे काय, इथे मात्र गाडी अडते.

तिच्या पलीकडे सूक्ष्मतरंगांचं वैश्विक प्रारण (विश्वातला सर्वांत जुना प्रकाश) आहे म्हणतात, महास्फोटानंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी सुटलेलं. मग तिथे विश्व संपतं का? की त्या जागी आज आपल्यासारख्याच दीर्घिका आहेत? आणि या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात काय आहे?

शिवाय अलीकडच्या दीर्घिका मागच्यांना झाकून कशा टाकत नाहीत? सोपं करून सांगा, पण चुकीचं नको. मनापासून समजून घ्यायचंय.

प्रतिसाद

शेवटचा प्रश्न आधी घेतो. दीर्घिकांच्या मधे प्रचंड मोकळी जागा आहे, त्यामुळे बहुतेक दिशांना नजर फार लांबवर जाते. तुमच्या या दीर्घिकेला अगदी खेटून दुसरी एक दिसते, ती प्रत्यक्षात खूपच अलीकडची आहे. वाटेत मोठा दीर्घिकासमूह आला तर त्याचं गुरुत्वाकर्षण मागून येणारा प्रकाश वळवतं आणि भिंगासारखं वाढवतंही. जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेबच्या चित्रातल्या त्या ताणलेल्या कमानी म्हणजे समूहामागच्या दीर्घिकाच. खरा अडथळा धुळीचा. आपल्याच आकाशगंगेच्या पट्ट्यामागचं बरंचसं विश्व त्यामुळे साध्या प्रकाशात दिसत नाही, तिथे अवरक्त आणि रेडिओ दुर्बिणी लागतात.

आता मुख्य मुद्दा. त्या दिशेने आज काय दिसतं आणि त्या जागी आज काय आहे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

दिसण्याचं म्हणाल तर जितकं लांब तितकं जुनं. या दीर्घिकेच्या पलीकडे आणखी कोवळ्या दीर्घिका, मग तारे पेटण्याआधीचा काळ. तेव्हा होता फक्त हायड्रोजन आणि हीलियम वायू. त्या हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटरच्या रेडिओ लहरी विश्व प्रसरण पावल्यामुळे ताणून काही मीटर लांब झाल्या आहेत, त्या पकडण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्याच्याही मागे ते प्रारण. त्याआधी विश्व तप्त आणि अपारदर्शक होतं. सुटे इलेक्ट्रॉन प्रकाशाला सरळ जाऊच देत नव्हते. म्हणजे ही हद्द काळाची आहे, जागेची नाही.

त्या जागी मात्र आज दीर्घिकाच असणार. आपल्याला प्रारणाच्या रूपात दिसणाऱ्या त्या वायूला दीर्घिका घडवायला १३ अब्जांहून अधिक वर्षं मिळाली आहेत. प्रसरणामुळे ती जागा आता सुमारे ४५ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे.

धागाकर्ता

खूप आभार! म्हणजे आत्ता तिथून कुणी आपल्या दिशेने पाहिलं तर त्यांना आपली आकाशगंगा दिसणारच नाही?

प्रतिसाद

नाही दिसणार. आपल्या जागी त्यांना तेच प्रारण मिळेल. ज्या वायूतून पुढे आकाशगंगा, सूर्य आणि पृथ्वी घडली, त्यातून तेव्हा निघालेलं.