विंडोज ७ वर नवीन अँटीव्हायरस बसत नाहीये, फॉरमॅट मारू का?

डीटीपी_सांगलीकर:
नमस्कार मंडळी, माझं लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायचं छोटं दुकान आहे. जुना पीसी आहे, आय-३, ४ जीबी रॅम, विंडोज ७ ६४ बिट, त्यावर श्रीलिपी ह्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन डोंगल (यूएसबीला लावायची लायसन्सची किल्ली) लावून चालतं आणि दहा वर्षांच्या फायली त्यातच आहेत, त्यामुळे त्याला हात लावायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. अँटीव्हायरसची मुदत संपली म्हणून दोन पीसीचा नवीन बॉक्स आणला. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर पटकन बसला पण जुन्यावर निम्म्यात थांबतो, डिजिटल सही तपासता येत नाही असा एरर देतो. तीनदा करून बघितलं. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. आणि विंडोज डिफेंडर आहेच ना त्यात, तेवढ्यावर भागेल का?

रिपेअरवाला_७७:
दादा फॉरमॅट अजिबात मारू नका, तीच विंडोज परत टाकली तर तोच एरर येणार आणि श्रीलिपी नव्याने बसवायचं काम वाढेल ते वेगळंच. कसं असतं, अँटीव्हायरस पार कर्नलपर्यंत, म्हणजे विंडोजच्या गाभ्यापर्यंत, आपला ड्रायव्हर घालतो, तुम्ही कुठलीही फाइल उघडली की आधी तो बघतो. म्हणून ६४ बिट विंडोज त्या ड्रायव्हरची सही तपासल्याशिवाय त्याला आत घेत नाही. आता सह्या शा-२ पद्धतीच्या असतात आणि अपडेट न केलेल्या विंडोज ७ ला त्या ओळखता येत नाहीत. कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये सर्व्हिस पॅक १ दिसतो का बघा. नसेल तर आधी तो, मग केबी४४९०६२८, मग केबी४४७४४१९ हे मायक्रोसॉफ्टचे अपडेट, ह्याच क्रमाने. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून घ्या, भलत्या साइटवरून नको. आणि जुना अँटीव्हायरस त्याच कंपनीच्या रिमूव्हल टूलने काढा, नुसतं अनइन्स्टॉल केलं तर ड्रायव्हर मागे राहतात आणि दोन अँटीव्हायरस एकाच फायलीवर बसले की मशीन हँग होतं. बॉक्सवर विंडोज ७ लिहिलंय ना पण? नसेल तर बाकी सगळं करूनही उपयोग नाही.

मीनल_नाशिक:
डिफेंडरवर राहू नका! विंडोज ७ मधला डिफेंडर फक्त स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारे प्रोग्राम बघतो, पूर्ण अँटीव्हायरस तो विंडोज ८ पासून झाला. नाव एकच असल्यामुळे खूप जण फसतात. ८ च्या पुढे दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, तुमच्या लॅपटॉपवर तसंच झालं असणार.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झालेत, म्हणजे विंडोजमध्येच भोक सापडलं तर ते बुजवणारं कोणी नाही आणि अँटीव्हायरस काही ते भोक बुजवत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर (फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला तेव्हा भोक बुजवणारा पॅच दोन महिने आधीच निघाला होता, ज्यांनी टाकला नव्हता त्यांच्या मशीनमध्ये तो नेटवर्कवरून आपोआप शिरला, कोणी काही क्लिक पण केलं नव्हतं. त्यामुळे ह्या पीसीची नेटची केबल काढूनच टाका, वायफाय पण नको. छपाईला नेट लागतं कशाला?

रिपेअरवाला_७७:
ताईंशी सहमत. फक्त डीटीपीच्या दुकानात नेटपेक्षा पेनड्राइव्हचा धोका जास्त, गिऱ्हाईक फोटो घेऊन येतं आणि सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट होऊन बसतात. पेनड्राइव्ह आधी लॅपटॉपला लावा, स्कॅन करा, मग लागतील तेवढ्याच फायली दुकानाच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवरून जुन्या पीसीत घ्या. नेट नसलं तरी व्हायरसची यादी अपडेट करता येते, बऱ्याच कंपन्या ऑफलाइन अपडेटची फाइल देतात, आठवड्यातून एकदा टाकत जा. आणि त्या दहा वर्षांच्या फायली आजच एका हार्ड डिस्कवर कॉपी करा, कॉपी झाली की ती काढून कपाटात ठेवा, लावून ठेवली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फायली पण लॉक करतं.

डीटीपी_सांगलीकर:
दोघांचेही मनापासून आभार. सर्व्हिस पॅक नव्हताच! बॉक्सवर विंडोज ७ लिहिलंय. काल रात्री आधी हार्ड डिस्कवर सगळं कॉपी केलं, मग तुम्ही सांगितलेल्या क्रमाने अपडेट टाकले, चार वेळा रीस्टार्ट झाला आणि अँटीव्हायरस बसला. श्रीलिपी आणि डोंगल व्यवस्थित चालतंय. पहिल्याच स्कॅनला दोन जुन्या फोल्डरमध्ये शॉर्टकटवाला व्हायरस सापडला. नेटची केबल काढलीय, आता पोरगं विचारतंय गाणी कशी लावायची.