कोजागिरीला गावात गिटार वाजली तर कुणाचं काय जातं?

पऱ्हाटी

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे विहिरीचं पाणीही खारट लागतं. परवा दुर्गोत्सव मंडळाची बैठक झाली आणि कोजागिरीला दरवर्षीसारखा बाहेरगावचा ऑर्केस्ट्रा आणायचं ठरलं. मी आणि माझ्या मामेभावानं अर्धा तास मागितला. आमची स्वतःची दोन-तीन गाणी आहेत, गिटारवर, आपल्या बोलीत. उत्तर मिळालं, "हे शहरातल्या पोट्ट्यायचे चोचले हायेत, इथं कोण ऐकते?" आणि पुढचा विषय सुरू झाला, मंडपाचा. मला ते फार लागलं, म्हणून इथे मांडते आहे.

मी रोज एसटीनं कॉलेजला जाते. कानात प्रतीक कुहाड, अनुव जैन, द लोकल ट्रेन, म्हणजे स्वतःची गाणी स्वतः करणारे गायक आणि बँड. घरचे म्हणतात, ही कसली रडकी गाणी. मला त्यात काय सापडलं ते सांगते. सिनेमाचं गाणं हिरोचं असतं, त्याच्यामागे शंभर वादक असतात. इथे एक माणूस आणि एक वाद्य. गाणाऱ्यानं मध्येच श्वास घेतला तर तोही ऐकू येतो. ते ऐकताना पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे. जयपूरच्या प्रतीक कुहाडचं एक गाणं २०१९ साली बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत होतं आणि ते कुठल्याही सिनेमातलं नव्हतं. अनुव जैन लुधियान्याचा. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं मराठी पॉप गाणं २०२४ मध्ये देशभर वाजलं. आणि आपल्या अमरावतीचा रॅपर सौरभ अभ्यंकर आपल्याच भाषेत बोलतो, तरी टीव्हीवरच्या देशभरच्या स्पर्धेत उभा राहिला. मग "इथं कोण ऐकते" हे कुणी ठरवलं?

आम्ही आमचं गाणं कापसात रेकॉर्ड केलं. भाव वाढायची वाट पाहत गेल्या हिवाळ्यात मागची खोली छतापर्यंत भरलेली होती. मामेभाऊ सहज आत बोलला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. आवाज भिंतीवर आपटून परत येतच नव्हता, घुमणं नाही, गिरणीची घरघर नाही. कापसातच जागा करून बसलो, फोन बाजरीच्या डब्यावर ठेवला. अंगाला इतकी खाज सुटली की कडवं संपेपर्यंत हात आवरणं कठीण झालं. पण इतका स्वच्छ आवाज आमच्या घरात दुसरीकडे कुठेच येत नाही. गाण्यातल्या चार ओळी देते (गुंड म्हणजे पाणी भरायचं भांडं):

मायच्या गुंडात भरली विहीर,
डाळ मातर शिजली नाई;
विहीर म्हणते, मीठ माह्यातलं
मले तरी कोठी गोड लागते, बाई?

पूर्णेच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतली शेकडो गावं हे पाणी ओळखतात. यावर गाणं आम्ही नाही केलं तर कोण करणार? मुंबईहून कोणी येणार आहे का?

खंजिरीवाला

पोरी, तुह्या ओळी चांगल्या हायेत, पयले थे सांगतो. विहिरीले बोलतं केलं, थे आवडलं. पण माहा विरोध हाये, अन् तो गिटारीले नाई.

आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज सांजच्याले होते. पयले पोट्टे सतरंजी अंथरायले धावत. आता आम्ही म्हातारेच. पोट्टे तिथंच पारावर बसले असतात, एकमेकाच्या खांद्याले खांदा लावून, अन् प्रत्येकाच्या कानात वेगळं गाणं. बाजूच्याले काय ऐकू येऊन राह्यलं, थे याले माहीत नाई. मले हे पाहवत नाई.

तुकडोजी महाराजायनं खंजिरी घेतली. एका हातात मावते, दुसऱ्या हातानं वाजते, घेऊन गावोगाव फिरता येते. दारू, अस्वच्छता, शिवाशिव, सारं त्या खंजिरीवर गावापुढं मांडलं. १९४२ च्या आंदोलनात इंग्रजायनं त्यायले अटक केली. भजन म्हणणाऱ्या माणसाची सरकारले भीती वाटावी, असं थे गाणं होतं. त्यात गाव होतं. तुमच्या या नव्या गाण्यायत मले 'मी'च दिसते. मले झोप नाई, थे मले सोडून गेली, माह्या खोलीत अंधार हाये. गाणं ऐकून माणूस माणसाजवळ आला पाहिजेन, खोलीत शिरून कडी लावली नाई पाहिजेन.

पऱ्हाटी

काका, तुमचं पारावरचं चित्र खरं आहे. पण त्या पारावर मी बसू शकते का? संध्याकाळी सहानंतर पारावर बसलेली मुलगी तुमच्या गावात तरी चालते का? मुलांना कानात वायर घालणं ही निवड आहे. मला एसटीतल्या त्या सीटवर तेवढीच जागा मिळते जिथे माझं कोणी काही ऐकत नाही आणि मी पाहिजे ते ऐकते. आईसोबत महिला भजनी मंडळात मी जाते, टाळ वाजवते, आवडतं मला. तिथे "मी एक लिहिलंय, म्हणू का?" असं विचारायची सोय नाही.

आणि 'मी'चं म्हणाल, तर महाराजांच्या भजनाच्या शेवटी 'तुकड्यादास' येतोच की. नाव घालून, स्वतःच्या तोंडानं बोलायची रीत आपल्याकडे संतांपासूनची आहे. "मला झोप नाही" असं एखादा पोरगा गातो, तेव्हा ते ऐकून आमच्या कॉलेजातली चार पोरं आपल्याला झोप का नाही यावर बोलायला लागतात. एरवी खेड्यातला मुलगा हे कुणाजवळ बोलतो?

कॅसेटवाला, अकोला

मी नव्वदच्या दशकात कॅसेटचं दुकान चालवलं आहे, म्हणून थोडं कडू बोलतो. १९९५ ला अलिशा चिनॉय, १९९६ ला लकी अली, दोघांचे सिनेमाबाहेरचे अल्बम गाजले. पोरं कॉलेज सुटलं की थेट दुकानात यायची, नवीन काय आलं विचारायला. तेव्हाही सगळे हेच म्हणत होते की सिनेमाशिवायचं गाणं आता राज्य करणार. थोड्या वर्षांत ती लाट ओसरली. कंपन्यांनी पैसा पुन्हा सिनेमाच्या गाण्यांत घातला, चॅनेलवर तीच गाणी आली आणि त्या गायकांपैकी बरेच दिसेनासे झाले.

आज कंपनी नाही म्हणता, पण ॲप आहे. स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला आहे, वर्षभरात हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा एक पैसा मिळत नाही. खारपाणावरचं गाणं हजाराला पोचेल का? पोचलं तरी हाती काय येईल? गाणं कुणाच्या पुढ्यात टाकायचं हे ॲप ठरवतं, त्याला तू कधी भेटणार नाहीस. मला तरी कॅसेट कंपनीचा माणूस दिसत होता, त्याच्याशी भांडता येत होतं. मुलीचा उत्साह मोडायचा नाही मला. पण याला स्वातंत्र्य म्हणून गावातल्या पोरांपुढे मांडू नका, पोरं शेत विकून माईक घेतील.

बांधावरचा

डीजे ठेवा. पोट्ट्यांना वर्षातून एकदा नाचायचं असते, त्यांना विहिरीचं गाणं नको.

मोहफूल

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजकडची, म्हणजे आमच्या तोंडी वडसा. पऱ्हाटी, मला तुझा मुद्दा अर्धाच पटतो. तू मंच ॲपमध्ये शोधते आहेस आणि विदर्भाचा दुसरा अर्धा भाग दिवाळीपासून होळीपर्यंत रोज रात्री मंच बांधतो. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या नाटकाला माणसं तिकीट काढून येतात, पहाटेपर्यंत बसतात. वडशात नाटक कंपन्यांची बुकिंगची कार्यालयं आहेत, गावोगावचे लोक तिथे येऊन तारखा घेतात. नाटकात गाणी असतात आणि गाणारी माणसं त्या हंगामावर घर चालवतात. गाणं पडलं तर दुसऱ्या गावात पोचायच्या आधी कळतं की पडलं.

म्हणून माझं म्हणणं, जे गाणं समोर बसलेल्या बाईला तान्ह्या पोराला थोपटता थोपटता मान वर करायला लावत नाही, ते अजून तयार झालेलं नाही. कापसातला आवाज स्वच्छ असेल, पण कापूस उठून जात नाही. प्रेक्षक जातो. तू आधी लोकांपुढे गा, रेकॉर्डिंगचं नंतर बघ.

पऱ्हाटी

मोहफूल ताई, मी तेच तर मागते आहे! मंडळाकडे अर्धा तास मागितला तो लोकांपुढे गायलाच. लोक उठून गेले तर मी तेही पाहीन.

कॅसेटवाले काका, हजारचा नियम मला माहीत आहे. मी पैशासाठी हे करत नाही, बीएस्सी करते आहे आणि पूर्ण करणार आहे. शेत विकून माईक घ्यावा असं मी कुणालाही सांगणार नाही, आमच्याकडे तर फोन आणि जुनी गिटार आहे. तुमच्या काळात गाणं आवडलं तर पोरगा दुकानात येऊन कॅसेट न्यायचा आणि तिथेच विषय संपायचा. आज तोच पोरगा दुसऱ्या दिवशी स्वतःचं गाणं करून पाहतो. लाट ओसरेल, ओसरू द्या. तोवर आमच्या तालुक्यात चार जणांना स्वतःची चाल बांधता यायला लागली, तर ती त्यांच्याकडून कोण काढून घेणार आहे?

उंबरठा

मी सगळं वाचलं. माझा विरोध सगळ्यात जास्त आहे आणि त्याचं कारण कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

कोजागिरी भुलाबाईची आहे. भादव्याच्या पुनवेपासून महिनाभर पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, खाऊचा डबा हलवून आत काय आहे ते ओळखायला लावतात, आणि कोजागिरीला भुलाबाईचा शेवट होतो. आमच्या आळीत पंधरा-वीस पोरी असायच्या. आता भुलोजी-भुलाबाईच्या मूर्ती विकत आणल्या जातात, पण गाणी मोबाईलवर लावतात, कारण म्हणायला कुणाला येत नाहीत. मी माझ्या मुलीला सासूकडून शिकवून घेतली, निम्मी सासूलाही आठवत नव्हती.

ती गाणी कुणाची आहेत? कुणाचीच नाहीत. त्यात माहेरची आठवण आहे, सासूचा जाच आहे, रुसवा आहे, आणि कुणा बाईचं नाव नाही. आठ वर्षांची पोरगी आणि साठीची बाई, दोघी एकाच आवाजात म्हणतात. तू गिटार घेऊन उभी राहिलीस की वीस जणी प्रेक्षक होतील. गाणाऱ्या वीस होत्या, त्यातली एक उरेल. ऑर्केस्ट्रानं आमची अर्धी रात्र आधीच खाल्ली आहे. उरलेली तू मागू नकोस. गणपतीत माग, गुढीपाडव्याला माग, मी स्वतः येऊन सतरंजीवर बसेन.

सातबारा

माहिती म्हणून सांगतो. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. सणावारी बारापर्यंत सूट मिळते, ती वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस आणि शासनानं ठरवलेल्या दिवशीच. कोजागिरीला सूट नसेल तर ऑर्केस्ट्रा दहाला आवरावा लागतो. चंद्र डोक्यावर यायला आणि दूध वाटायला बारा वाजतात. मधले दोन तास गाव नुसतं बसून असतं. गिटारीला वीजही लागत नाही.

उंबरठा

सातबारा, तेच दोन तास मी म्हणते आहे. गाव नुसतं बसून नसतं. त्या वेळात आम्ही भुलाबाई म्हणतो, तुम्ही पुरुष चौकात असता म्हणून तुम्हाला ऐकू येत नाही.

पऱ्हाटी

उंबरठा ताई, तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाई खरं बोलते.

तरी मला पटत नाही, आणि का ते सांगते. तुम्ही म्हणता ती गाणी कुणाचीच नाहीत. पण पहिल्यांदा सासूच्या जाचावर ओळ जुळवणारी कुणीतरी एक बाई असणारच, तिच्या एकटीच्या घरातला जाच असणार. बाकीच्यांनी ती ओळ उचलली, म्हणून ती सगळ्यांची झाली. आज नवीन ओळ जुळवायची मुभा कुणालाच नाही. म्हणूनच आठवतील तेवढी उरतात आणि दरवर्षी कमी होतात. आमच्या विहिरीच्या गाण्याची चाल मी मुद्दाम अशी ठेवली आहे की एकदा ऐकून पोरींना म्हणता येईल. शेवटची ओळ त्यांच्यासाठीच सोडली आहे. मला वीस प्रेक्षक नको आहेत.

तुमच्या मुलीला येतात त्या भुलाबाईच्या गाण्यांपैकी काही मला शिकवाल का? मी रेकॉर्ड करून ठेवीन, गिटार न लावता, जशी आहेत तशी. हे कोजागिरीच्या बदल्यात मागत नाही, वेगळं मागते.

उंबरठा

शिकवते. रविवारी दुपारी फोन कर, पोरगी घरी असते. कोजागिरीबद्दल माझं मत तेच आहे. "एकदा ऐकून म्हणता येईल" असं प्रत्येक गाणाऱ्याला वाटतं.

कॅसेटवाला, अकोला

भुलाबाईची रेकॉर्ड करशील ती ॲपवर तुझ्या नावानं टाकू नकोस. 'पारंपरिक' लिही आणि म्हणणाऱ्या बाईचं नाव दे, तिची हरकत नसेल तर. हे मी पूर्वी फार पाहिलं आहे, लोकांची गाणी कुणाच्याही नावावर विकली जायची आणि ज्या बाईनं म्हटली तिला कॅसेटही मिळत नव्हती.

खंजिरीवाला

पोरी, तुह्या पाराच्या प्रश्नाले माह्याकडं उत्तर नाई. आमच्या गावातही पोरी पारावर बसत नाईत. थे बरोबर नाई, एवढं म्हणतो.

दर्यापूर आमच्याहून दूर नाई. गुरुवारी सांजच्याले प्रार्थना झाली की तुही माय, तू अन् मामेभाऊ या. विहिरीचं गाणं म्हण. लाऊडस्पीकर नाई, समोर दहा-बारा म्हातारे. मामेभावाले सांग, मी खंजिरी संग धरीन, तव्हा गिटार तिच्यावर चढवायची नाई. अन् दुसऱ्या ओळीत 'मातर'वर ठेका तुटते, थे पाहून ये. कोजागिरीचं याले जोडू नको, तिथं मी उंबरठाबाईच्या बाजूनं हाये.

पऱ्हाटी

येते काका. ठेक्याचं आजच पाहते.

मंडळाची पुढची बैठक घटस्थापनेच्या आधी आहे. मी पुन्हा अर्धा तास मागणार आहे, या वेळी ऑर्केस्ट्राच्या वेळेतून, दहाच्या आत. वर्गणी आमच्याही घरून जाते.