टायरच्या कडेवरचे आकडे कसे वाचावेत?

मुलुंडकर:
नमस्कार. पावसाळ्याआधी गाडीचे दोन टायर बदलायचे आहेत. दुकानदाराने दाखवलेल्या टायरवर '१८५/६५ आर १५ ८८ एच' असे आहे. माझ्या सध्याच्या टायरवर आकडे तेच असले तरी शेवटी 'टी' आहे. हा फरक चालेल का? शिवाय कडेवर बारीक अक्षरांत कमाल दाब ५१ पीएसआय छापला आहे आणि चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर ३३, तर पंपावर हवा भरताना कोणता आकडा सांगावा?

जुना चालक:
'एच' निर्धास्त घ्यावा. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे असते: 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटर, 'एच' म्हणजे २१०. पूर्व द्रुतगती मार्गावर संध्याकाळी आपण ज्या गतीने सरकतो ती पाहता दोन्ही चैनच आहेत. मात्र कंपनीने दिलेल्या अक्षराच्या खाली कधीही उतरू नये. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी असून ६५ ही उंची नाही, तर कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर, असल्याचे ते प्रमाण आहे. 'आर'ला पुष्कळजण त्रिज्या समजतात, पण तो रेडियल बांधणीचा 'आर' आहे आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ८८ हेही किलो नव्हेत. तो सांकेतिक अंक आहे आणि तक्त्यात त्याचा अर्थ एका टायरमागे ५६० किलो भार असा होतो.

हवा ३३ च भरावी, तीही टायर थंड असताना. ५१ ही टायरची सहनशक्ती आहे, आपल्या गाडीची गरज नव्हे.

दादरची वाचक:
वरील सर्व योग्यच आहे, परंतु खरेदीच्या वेळी मी सर्वांत आधी पाहते ते 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटचे चार अंक. '३२१९' असेल तर तो टायर २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यात तयार झालेला असतो. हे अंक अनेकदा एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेली की गाडीखाली विजेरी घेऊन लोळावे लागते, म्हणून टायर रिमवर चढण्यापूर्वीच दोन्ही बाजू पाहून घ्याव्यात. काळ्यावर काळी अक्षरे दिसत नसतील तर त्यांवरून पांढरा खडू आडवा फिरवावा. जुन्या टायरवर 'टीडब्ल्यूआय' कुठे लिहिले आहे तेही शोधावे. त्या रेषेतल्या खाचेत रबराचा १.६ मिलिमीटर उंचीचा उंचवटा असतो आणि नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर संपला असे समजावे.

मुलुंडकर:
दोघांचेही आभार. आज खडू घेऊनच गेलो होतो. बाहेरच्या बाजूला अंक नव्हतेच, आतल्या बाजूला '४१२२' निघाले. दुकानदाराने काही न बोलता दुसरी जोडी मागवली आहे.