मदत हवी आहे: जन्मदाखल्याविना शाळाप्रवेश

पुण्यात सिग्नलवर गजरे विकणाऱ्या दोन भावंडांना (९ आणि ७ वर्षं) आम्ही संध्याकाळी खिचडी देतो, फुटपाथवरच अक्षरं शिकवतो. थोरली आता दुकानांच्या पाट्या वाचते! तिला खरी शाळा आणि दुपारचा पोषण आहार मिळायलाच हवा. जवळची पालिकेची शाळा जन्मदाखला, आधार मागते; दोन्ही नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १४ नुसार वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, हे तोंडी सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. आईवडील तयार आहेत, पण मुलांना वसतिगृहात ठेवणार नाहीत. वयानुरूप प्रवेशासाठी लेखी अर्ज मुख्याध्यापकांकडेच द्यायचा की थेट शिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि वयाबद्दल पालकांचं साधं स्वयंघोषणापत्र कुणाचं चाललंय का?